हेन्री व्हँडाइक कार्टर

हेन्री व्हँडाइक कार्टर (२२ मे, १८३१ - ४ मे, १८९७) हे इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ, वैद्यकीय चित्रकार, सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ व मुंबई इलाख्यातील सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांमध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील सर्व चित्रे त्यांनी काढली होती. १८५८ ते १८८८ या काळातील त्यांची नोकरी बहुतांशी मुंबई व सातारा येथे झाली. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. पायाचा बुरशीरोग (मायसेटोमा), दुधाळ लघवी, मूतखडे, कुष्ठरोग, उलटून येणारा ताप व हिवताप या विषयांवर त्यांनी मूलभूत संशोधन केले. रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडणारे मूत्र, खडा, रक्त किंवा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शरीरातील बिघाडाचा अर्थ लावणे, ही त्यांच्या कामाची पद्धत होती. मूत्रविषयक संशोधनामुळे प्रयोगशाळेतील मूत्रपरीक्षेच्या इतिहासात भारतात काम केलेल्या संशोधकांमध्ये त्यांचे नाव महत्त्वाचे आहे.

मुंबईतच काम केलेले सागरी स्पंजांचे अभ्यासक हेन्री जॉन कार्टर हे वेगळे गृहस्थ होत. नामसाधर्म्यामुळे दोघांच्या लेखनाची अनेकदा गल्लत होते.

जन्म व बालपण

कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील हल या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्राची व किनाऱ्याची जलरंगातील चित्रे काढणारे नामवंत चित्रकार होते. मुलाला त्यांनी सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक याचे नाव दिले. हेन्री यांचा धाकटा भाऊ जोसेफ न्यूइंग्टन कार्टर हाही चित्रकार झाला. हेन्री यांनी उपजीविकेसाठी वैद्यक निवडले. मात्र घरात सहजपणे मिळालेले चित्रकलेचे शिक्षण पुढे आयुष्यभर त्यांच्या शास्त्रीय कामाचे साधन राहिले. कुटुंबाचे वास्तव्य पुढे स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी होते.

शिक्षण

१८४८ मध्ये कार्टर यांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. त्या काळच्या रीतीप्रमाणे एका औषधविक्रेत्या वैद्याकडे त्यांनी उमेदवारीही केली. १८५२ मध्ये ते शल्यविशारदांच्या महाविद्यालयाची (रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स) परीक्षा उत्तीर्ण झाले व काही काळ पॅरिसमध्ये शिकले. १८५३ पासून त्याच महाविद्यालयात त्यांना मानवी व तौलनिक शरीररचनाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून नेमणूक मिळाली. येथे त्यांना प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन व सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ जॉन टॉमस क्वेकेट यांच्या हाताखाली काम करता आले. ऊतींचे पातळ काप घेणे, ते काचेवर बसवणे आणि दिसते तेच काढणे हे कौशल्य त्यांनी येथे आत्मसात केले. १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना एम.डी. ही पदवी दिली. सेंट जॉर्जेसमध्ये ते शरीररचनाशास्त्राचे प्रयोगनिर्देशकही होते.

तरुणपणापासून त्यांनी दैनंदिनी लिहिली. धर्मश्रद्धेविषयीची तळमळ, स्वतःच्या आळसाबद्दलचा असंतोष आणि पुढे काय करावे याची चिंता तीत वारंवार येते. ही दैनंदिनी आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहे.

‘ग्रेज अॅनाटॉमी’तील चित्रे

सेंट जॉर्जेसमधील शल्यचिकित्सक हेन्री ग्रे यांच्याशी कार्टर यांचा १८५० च्या सुमारास परिचय झाला. ग्रे यांच्या प्लीहेवरील निबंधासाठी त्यांनी चित्रे काढली. विद्यार्थ्यांना परवडेल असे शरीररचनेचे पाठ्यपुस्तक काढण्याची कल्पना ग्रे यांनी त्यांच्यापुढे मांडली. त्यानंतर सुमारे दीड वर्ष दोघांनी एकत्र शवविच्छेदन केले. ग्रे यांनी मजकूर लिहिला व कार्टर यांनी ३६३ चित्रे काढली. चित्रातील स्नायू, नस किंवा हाडाचे नाव त्या भागावरच लिहिलेले असल्याने वाचणाऱ्याला खुणांची यादी शोधावी लागत नसे. पुस्तकाच्या यशात या स्पष्टतेचा वाटा मोठा होता.

हा ग्रंथ १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कार्टर मुंबईत पोचले होते. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे मानधन ठरले होते, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड देण्यात आले. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रे यांनी कार्टर यांच्या नावाचा टाइप लहान करवला व त्यांचे नवे पद खोडले. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले. पुस्तक पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले आणि चित्रकाराचे नाव दीर्घकाळ मागे पडले.

मुंबईतील पहिला कालखंड (१८५८-१८६३)

१८५८ च्या आरंभी कार्टर मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. उत्तर हिंदुस्थानातील उठाव तेव्हा पूर्णपणे शमलेला नव्हता. मुंबईत त्यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून झाली. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे संग्रहालय व शेजारचे रुग्णालय यांमुळे त्यांना युरोपात क्वचित दिसणाऱ्या रोगांचे नमुने मुबलक मिळाले. त्यांचे सुरुवातीचे निबंध मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेच्या कार्यवृत्तांत छापले गेले.

पायाचा बुरशीरोग

अनवाणी शेतात काम करणाऱ्या लोकांच्या पायाला सूज येऊन त्यात छिद्रे पडत व त्यांतून काळे किंवा फिकट कण बाहेर येत. मदुरा येथील डॉक्टरांनी हा रोग आधी वर्णिला होता, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टर यांनी हे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांत बुरशीचे तंतू दाखवले आणि १८६० मध्ये हा बुरशीजन्य रोग असल्याचे प्रतिपादन केले. मायसेटोमा हे नाव त्यांनीच रूढ केले. काळ्या व फिकट कणांचे प्रकार वेगळे आहेत, हेही त्यांनी नोंदवले. या विषयावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिकट कणांच्या रोगात अनेकदा बुरशीऐवजी तंतुमय जिवाणू असतात, हे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. मात्र कणाच्या रंगावरून व रचनेवरून रोगकारक ओळखण्याची दिशा कार्टर यांच्या कामातून मिळाली.

दुधाळ लघवीचा उलगडा

उष्ण प्रदेशांतील काही रुग्णांची लघवी अधूनमधून दुधासारखी पांढरी होते व भांड्यात ठेवल्यास कधीकधी दह्यासारखी थिजते. मूत्रपिंडच दूध किंवा चरबी तयार करू लागते काय, असा प्रश्न त्या काळच्या वैद्यांना पडत असे. मुंबईत कार्टर यांना असे रुग्ण आढळले की, ज्यांच्या अंडकोशाच्या किंवा जांघेच्या त्वचेवरील फुगलेल्या लसिकावाहिन्यांतून दुधाळ स्राव वाहत होता आणि ज्यांना दुधाळ लघवीही होत होती. आतड्यात शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या पांढऱ्या लसिकेशी (काइल) या द्रवाचे साम्य होते. या साम्यावरून लसिकावाहिन्या व मूत्रमार्ग यांच्यात कोठेतरी वाट पडली असली पाहिजे आणि मूत्रातील दुधाळपणा मूत्रपिंडाने तयार केलेला नसून बाहेरून मिसळलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निबंध लंडनच्या वैद्यकीय व शल्यकीय संस्थेच्या कार्यवृत्तात १८६२ मध्ये छापला गेला.

लसिकावाहिन्यांत अडथळा कशामुळे येतो, हे त्या वेळी माहीत नव्हते. १८६६ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे ओटो वुखरर यांना दुधाळ लघवीत सूक्ष्म कृमी आढळले. कलकत्त्यात टिमथी लुइस यांना ते १८७० मध्ये लघवीत व १८७२ मध्ये रक्तात दिसले. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या शरीरात या कृमींची वाढ होत असल्याचे दाखवले. हत्तीरोग, अंडकोशाची सूज व दुधाळ लघवी ही एकाच कृमीरोगाची वेगवेगळी रूपे असू शकतात, हे या साखळीतून सिद्ध झाले. कृमी सापडण्याच्या आधी बिघाडाची जागा लसिकावाहिन्यांत आहे, हे सांगणाऱ्यांमध्ये कार्टर होते.

साताऱ्यातील वास्तव्य (१८६३-१८७२)

१८६३ मध्ये कार्टर यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून बदली झाली. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन तेथे ब्रिटिश जिल्हा प्रशासन सुरू झाले होते. एकीकडे माण-खटावचा दुष्काळी मुलूख आणि दुसरीकडे वेण्णाकाठच्या मेढ्यापासून महाबळेश्वरच्या घाटापर्यंतचे जावळीचे अतिपावसाचे खोरे, असा हा प्रदेश होता. रेल्वे साताऱ्याजवळ पोचण्याच्या आधीच्या या काळात डोंगरी गावांतील रुग्णाला पायी, डोलीतून किंवा बैलगाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागे.

त्या काळी सिव्हिल सर्जनकडे रुग्णालयाव्यतिरिक्त दवाखान्यांची पाहणी, देवीची लस टोचण्याच्या कामावर देखरेख, न्यायालयासाठी शवतपासणी आणि सर्वसाधारणपणे तुरुंगाची वैद्यकीय व्यवस्था अशी कामे असत. महाविद्यालय, संग्रहालय व सहकारी यांच्यापासून दूर असलेल्या या जागेवर कार्टर नऊ वर्षे राहिले. जिल्ह्याच्या रुग्णालयाला आजच्या अर्थाची प्रयोगशाळा नसण्याच्या या काळात सूक्ष्मदर्शक हेच संशोधकाचे मुख्य साधन होते. सातारा सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत मूतखडे, मायसेटोमा व कुष्ठरोग या तिन्ही विषयांवरील त्यांचे ग्रंथ व अहवाल प्रसिद्ध झाले.

मूतखड्यांवरील संशोधन

हिंदुस्थानात मूत्राशयातील खडा हा विशेषतः गरीब घरांतील लहान मुलांचा रोग होता. सिंध, पंजाब, गुजरात व काठेवाड या भागांत त्याचे प्रमाण अधिक होते. मूल लघवी करताना रडे, लघवीची धार मध्येच तुटे, रक्त पडे आणि शेवटी शस्त्रक्रिया करून खडा काढावा लागे. भुलीशिवाय किंवा नव्यानेच आलेल्या क्लोरोफॉर्मखाली होणारी ही शस्त्रक्रिया जिवावर बेतणारी असे. असे अनेक खडे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयात जमा झाले होते. कार्टर यांनी मुंबईत आल्यानंतर लवकरच त्यांचा आढावा घेतला आणि हा विषय पुढे चालू ठेवला.

खड्यांची रासायनिक ओळख तोपर्यंत बरीच पुढे गेली होती. १७७६ मध्ये कार्ल शेले यांनी खड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले होते. विल्यम वुलस्टन यांनी १७९७ मध्ये खड्यांचे आणखी काही प्रकार वर्णिले व १८१० मध्ये सिस्टिनचा खडा ओळखला. खड्याची भुकटी तापवून पाहणे हीही रूढ परीक्षा होती: यूरिक आम्ल जळून जाते, काही फॉस्फेटे वितळतात. नायट्रिक आम्लात तापवून मग अमोनिया घातल्यास येणारा जांभळा रंग यूरिक आम्लाची खूण मानला जाई. खडा कशाचा आहे, हे यांतून कळे. तो कसा घडतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नव्हते.

कार्टर यांनी खडे मधोमध कापून, भूगर्भशास्त्रज्ञ दगडाचे काप करतात तसे त्यांचे पातळ काप केले व ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. खड्याच्या मध्यभागी गाभा आणि त्याभोवती एकामागून एक थर असे त्यांना दिसले. साध्या स्फटिकांची रास होऊन खडा बनतो, ही समजूत त्यांना अपुरी वाटली. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः गाभ्यात, टोकदार स्फटिकांऐवजी सूक्ष्म गोलक होते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेनी यांनी डिंकासारख्या चिकट द्रवात क्षार साकळले की ते स्फटिकांऐवजी गोल आकार घेतात, हे प्रयोगाने दाखवले होते. कार्टर यांनी हाच नियम मूतखड्याला लावला: मूत्रात कलिल स्वरूपाचे सेंद्रिय द्रव्य असेल तर क्षार त्यात गुंतून गोलक बनतात आणि गोलक एकमेकांना चिकटून खडा वाढतो. ‘मूतखड्यांची सूक्ष्म रचना व निर्मितीची रीत’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

मूतखड्यात क्षारांबरोबर थोड्या प्रमाणात सेंद्रिय जाळे असते, हे विसाव्या शतकातील संशोधनाने मान्य केले. १९३७ मध्ये अलेक्झांडर रँडल यांनी मूत्रपिंडाच्या अंकुरांवर साचलेले चुन्याचे पट्टे दाखवले व खडा त्यांच्यावर धरतो असे मांडले. लहान मुलांतील मूत्राशयाच्या खड्याचा संबंध मुख्यतः धान्यावर पोसलेल्या, दूध व प्राणिज प्रथिने कमी असलेल्या आहाराशी व शरीरातील पाण्याच्या कमतरतेशी जोडला गेला. आहार सुधारला तेथे हा रोग विरळ झाला. प्रौढांमधील मूत्रपिंडाचा खडा मात्र वाढला.

मूत्रपरीक्षेच्या इतिहासातील स्थान

मूत्र पाहून रोग ओळखण्याची परंपरा भारतात व युरोपात जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे वर्गीकरण मूत्राच्या रूपावरून केलेले आढळते व मधुमेह हे नाव मूत्राच्या गोडीवरून आले आहे. उत्तरकालीन ग्रंथांत मूत्रावर तेलाचा थेंब टाकून त्याचा आकार पाहण्याची रीतही सांगितली आहे. युरोपात काचेच्या भांड्यात मूत्राचा रंग पाहून भाकीत करण्याची प्रथा शतकानुशतके चालली. एकोणिसाव्या शतकात या पाहणीला रसायन व सूक्ष्मदर्शक यांचा आधार मिळाला. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी सूज आलेल्या रुग्णांचे मूत्र तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखे थिजते व अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर रोगट आढळतात, हे जोडून दाखवले. १८४४ मध्ये गोल्डिंग बर्ड यांचा मूत्रातील गाळावरचा ग्रंथ आला. कार्टर यांचे काम या परंपरेतील आहे. भारतातील रुग्णांत आढळणाऱ्या दोन गोष्टी, दुधाळ लघवी व मूत्राशयाचा खडा, यांचा अर्थ त्यांनी या पद्धतीने लावला.

या पद्धतीचे मूळ सूत्र आजही कायम आहे. मूत्रातील एखादा पदार्थ कोठून आला, हे ठरल्याशिवाय त्याच्या केवळ असण्यावरून रोग ठरत नाही. गढूळ लघवीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. गढूळपणा युरेट क्षारांमुळे असेल तर तो कोमट केल्यावर निघून जातो. फॉस्फेटांमुळे असेल तर सौम्य अॅसेटिक आम्लाने नाहीसा होतो. या दोन्ही गोष्टी निरोगी माणसातही दिसतात. चरबीमुळे आलेला दुधाळपणा ईथरमध्ये हलवल्यावर कमी होतो व लसिकावाहिन्यांच्या बिघाडाकडे बोट दाखवतो. पू असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी दिसतात आणि तेथे जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

आजच्या प्रयोगशाळेत मूत्राची परीक्षा तीन अंगांनी होते. पहिल्या अंगात रंग, स्वच्छता व विशिष्ट गुरुत्व पाहतात. निरोगी व्यक्तीत विशिष्ट गुरुत्व साधारण १.००५ ते १.०३० या दरम्यान असते. पाणी कमी प्यायल्यास ते वाढते. वारंवार तपासूनही ते १.०१० च्या आसपास स्थिर राहिल्यास मूत्रपिंडाची मूत्र घट्ट वा पातळ करण्याची शक्ती क्षीण झाल्याची शंका येते. दुसरे अंग रासायनिक आहे. पूर्वी बेनेडिक्टचे निळे द्रावण मूत्राबरोबर उकळून साखर पाहत; साखरेच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी होई. १९५६ च्या सुमारास रासायनिक पट्ट्या बाजारात आल्या व ही कामे क्षणात होऊ लागली. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती मूत्रात उतरू लागते. म्हणून मूत्रात साखर नसली तरी मधुमेह नाही असे ठरत नाही. प्रथिनांचा नुसता अंश ताप, श्रम किंवा घट्ट मूत्र यांमुळेही दिसू शकतो. तो पुन्हापुन्हा आढळल्यास मूत्रपिंडाच्या गाळणीतील दोषाचा विचार करतात.

तिसरे अंग कार्टर यांच्या कामाच्या सर्वांत जवळचे, म्हणजे गाळाची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी होय. मूत्र यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतात. त्यात क्वचित दिसणाऱ्या एखाददुसऱ्या तांबड्या वा पांढऱ्या पेशीला फारसे महत्त्व नसते. तांबड्या पेशी वाढल्यास खडा, संसर्ग, मूत्रपिंडदाह किंवा मूत्रमार्गातील गाठ यांपैकी कारण शोधावे लागते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत तयार झालेले दंडगोलाकार साचे (कास्ट) रक्तपेशींचे असतील, तर रक्तस्राव मूत्राशयात नसून मूत्रपिंडातच आहे, असा पुरावा मिळतो. स्फटिकांचे आकार ओळखीचे आहेत: कॅल्शियम ऑक्झलेट पाकिटासारखे, यूरिक आम्ल पिवळसर चौकटी आकाराचे, तिहेरी फॉस्फेट शवपेटीच्या झाकणासारखे आणि सिस्टिन षटकोनी. सिस्टिनचे स्फटिक आनुवंशिक विकार दर्शवतात. इतर स्फटिक पुष्कळदा नमुना थंड झाल्यामुळे किंवा बराच वेळ पडून राहिल्यामुळे तयार होतात व केवळ त्यांच्यावरून खडा आहे असे म्हणता येत नाही.

या कारणाने नमुना कसा घेतला व किती वेळाने तपासला, याला निष्कर्षाइतकेच महत्त्व असते. धारेचा पहिला भाग सोडून मधला भाग स्वच्छ भांड्यात घेतात व शक्यतो तासा-दोन तासांत तपासतात. उशीर झाल्यास पेशी फुटतात, जंतू वाढतात व मूत्र अल्कधर्मी होते. मेढ्यासारख्या डोंगराळ तालुक्याच्या गावी, जेथे वाड्यावस्त्यांवरून नमुना आणण्यातच वेळ जातो, तेथे ही बाब निदानावर प्रत्यक्ष परिणाम करते. काढलेला किंवा आपोआप पडलेला खडा प्रयोगशाळेत पाठवून त्याचे घटक ओळखण्याची आजची रीतही संग्रहालयातील खडे कापून पाहणाऱ्या त्या काळच्या संशोधकांच्या कामाचाच पुढचा टप्पा आहे.

कुष्ठरोगाचा अभ्यास

१८७२ मध्ये रजेवर युरोपात गेल्यावर कार्टर यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेला भेट दिली. बर्गन येथे गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. तेथील आश्रम, नोंदवही व रुग्णांना वेगळे ठेवण्याची पद्धत यांचा अहवाल कार्टर यांनी १८७४ मध्ये सादर केला. हा रोग संसर्गजन्य असून केवळ आनुवंशिक नाही, या मताकडे ते वळले आणि हिंदुस्थानातही आश्रम व गणना यांची गरज असल्याचे त्यांनी सरकारला सुचवले. १८७५ मध्ये परतल्यावर त्यांनी काठेवाडात या रोगाची पाहणी केली.

मुंबईतील दुसरा कालखंड

१८७६ मध्ये त्यांच्याकडे मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची सूत्रे आली. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य व जे. जे. रुग्णालयाचे चिकित्सक झाले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधून हजारो उपाशी माणसे मुंबईत आली. त्यांच्यात पसरलेल्या तापाचा झटका काही दिवसांनी उतरे व पुन्हा उलटून येई. कार्टर यांना अशा रुग्णांच्या रक्तात वळणदार जंतू आढळले. असेच जंतू बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी पूर्वी पाहिले होते. कार्टर यांनी हा रोग माकडांमध्ये संक्रमित करून दाखवला. काम करताना त्यांना स्वतःलाही या तापाची लागण झाली. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याबद्दल त्यांना ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्ट्यूअर्ट पारितोषिक मिळाले.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी उंदराच्या रक्तातील सूक्ष्म वळणदार जंतूचे वर्णन केले. लाव्हरां यांनी अल्जीरियात शोधलेले हिवतापाचे परजीवी भारतातील रुग्णांच्या रक्तातही असल्याचे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये त्यांचा समावेश होतो.

निवृत्ती व निधन

१८८८ मध्ये कार्टर उपसर्जन-जनरल या हुद्द्यावर निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १८९० मध्ये त्यांची महाराणी व्हिक्टोरिया यांचे मानद शल्यचिकित्सक म्हणून नियुक्ती झाली. भारतातील त्यांचा पहिला विवाह सुखाचा ठरला नव्हता. १८९० मध्ये त्यांनी मेरी एलन रॉबिसन यांच्याशी दुसरा विवाह केला. ४ मे, १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

वारसा

उलटून येणाऱ्या तापाच्या भारतीय जंतूला कार्टर यांचे नाव देण्यात आले होते. मायसेटोमाच्या बुरशीलाही एकेकाळी त्यांचे नाव जोडले गेले होते. नंतरच्या वर्गीकरणात ही नावे मागे पडली. शरीररचनेच्या ग्रंथातील त्यांच्या वाट्याची नोंद एकविसाव्या शतकातील इतिहासलेखनाने नव्याने घेतली. त्यांच्या भारतातील संशोधनाची ओळख त्या मानाने मर्यादित राहिली आहे. दुधाळ लघवी, मूतखडा, पायाचा बुरशीरोग व दुष्काळातील ताप हे सर्व प्रामुख्याने गरिबांचे रोग होते, आणि त्यांच्यावरील कार्टर यांचे निबंध व चित्रे मुंबई इलाख्यातील रुग्णांच्या तपासणीतून तयार झाली होती.